प्रश्न तुमचे : नाताळच्या सुट्टीतलं गाणं

या महिन्यात आलेल्या पत्रांत गाणं ऐकण्याबद्दलची पत्रं सर्वात जास्त निघाली. सारख्या विषयांची पत्रं एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत. शाळेला २४ डिसेंबर ते १ जानेवारी सुट्टी आहे. रोज तासभर शास्त्रीय संगीत ऐकवायचा विचार आहे. दिवाळीत एक बडा ख्याल लावला होता, दहा मिनिटांत दोघं उठून गेली. सुरुवात कुठून करावी? (जुळे सोलापूर)

उत्तर : तासभर नको, वीस मिनिटं पुरे. मुलं उठून गेली यात त्यांचा दोष नाही. बडा ख्याल विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीत असतो. विलंबित एकतालाचं एक आवर्तन (तालाची एक फेरी) किराणा घराण्याच्या गायकीत मिनिटभर चालतं. बारा मात्रांना (ठोक्यांना) मिनिट म्हणजे एकेक मात्रा पाच सेकंदांची. पाचवीतल्या मुलाला त्यात ताल जाणवणारच नाही, आणि ताल सापडला नाही की समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, माना का डोलतात तेही कळत नाही.

पहिले दोन दिवस जुन्या ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्यांची ध्वनिमुद्रणं लावा. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचीच जागा असल्यामुळे त्या काळच्या गवयांनी राग आटोपशीर मांडला आहे. केसरबाई केरकरांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ साडेतीन मिनिटांच्या आसपास आहे. १९७७ साली सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत ती आहे, हे आधी सांगितलंत तर मुलगा स्वतःच लावायला सांगेल.

तिसऱ्या दिवसापासून मध्यलय त्रितालातली एखादी छोटी बंदिश घ्या. सोळा मात्रा, टाळी १, ५ आणि १३ वर, काल (टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा) ९ वर. मोजत बसण्यापेक्षा मुलांना डग्गा (तबल्याच्या जोडीतला खर्जाचा) ऐकायला सांगा. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत ‘तिं तिं ता ता’ वाजतं, तेव्हा डग्ग्याचा घुमारा बंद होतो. चौदाव्याला तो ‘धिं’ म्हणून परत येतो. तिथून ‘धिं धिं धा’ आणि लगेच सम. डग्गा परत आला की तीन मात्रा मोजायच्या आणि चौथीला टाळी द्यायची. हा खेळ मुलांना एका बैठकीत जमतो, कधी कधी आईवडिलांच्या आधी.

विलंबित अगदी शेवटच्या दोन दिवसांत, आणि तेही मोजणी न करता. एकतालाच्या ठेक्यात ‘धागे तिरकिट’ दोनदा येतं : तिसऱ्या-चौथ्या मात्रेला आणि नवव्या-दहाव्या मात्रेला. पहिल्या तिरकिटनंतर ‘तू ना’ येतं, उघडं, डग्ग्याशिवाय. दुसऱ्यानंतर ‘धी ना’ येतं, भरलेलं. म्हणजे तिरकिट ऐकू आलं की पुढचा बोल पोकळ आहे की भरीव, एवढंच पाहायचं. भरीव असेल तर दोन मात्रांनी सम. गवई त्याच सुमारास मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) उचलतो, त्यामुळे ताळा लगेच मिळतो.

तिसऱ्या दिवसापासून राग एकच ठेवा. संध्याकाळी बसणार असाल तर यमन, दुपारी बसणार असाल तर भीमपलास. वेगवेगळ्या कलाकारांचा तोच राग चार-पाच वेळा कानावरून गेला की त्याची चाल ओळखीची होते. ‘सांग बघू हा कोणता राग’ ही परीक्षा मात्र घेऊ नका. ऐकण्याचा अभ्यास झाला की मुलं दुसऱ्यांदा उठून जातील.

प्रश्न : राग वेळेवरच ऐकले पाहिजेत का? सुट्टीत वेळ पाळायची म्हटली तर सोलापूरसाठी वेळा सांगाल का? (विजापूर रोड)

उत्तर : अवेळी ऐकल्याने राग बिघडत नाही. पण सुट्टीत वेळ पाळायला आमचा आग्रहाचा होकार आहे, आणि कारण अगदी व्यावहारिक आहे. जाहीर मैफली बहुतेक संध्याकाळी होतात, आणि उघड्या मैदानावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावे लागतात. मध्यरात्रीपर्यंत सवलत वर्षातल्या मोजक्या दिवसांनाच मिळते. त्यामुळे नोकरी करणाऱ्या रसिकाच्या कानावर वर्षभर पूरिया, यमन, बिहाग तेवढे पडतात. सारंग, मुलतानी, दरबारी हे त्यांच्या वेळेला ऐकायचे तर ते घरीच, आणि घरी सबंध दिवस मोकळा फक्त सुट्टीत.

आता हिशेब. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सोलापुरात सूर्य सातला पाचेक मिनिटं असताना उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. दिवस साधारण अकरा तासांचा, म्हणून दिवसाचा प्रहर पावणेतीन तासांचा आणि रात्रीचा सव्वातीन तासांचा. पुस्तकातले तीन-तीन तासांचे ठोकळे इथे थोडे सरकतात. पहिला प्रहर पावणेदहाच्या आत संपतो : अहिर भैरव, बिलासखानी तोडी. तिथून साडेबारापर्यंत दुसरा : मियाँ की तोडी, देसकार, जौनपुरी आणि शेवटाकडे सारंगाचे प्रकार. साडेबारा ते सव्वातीन भीमपलास. त्यानंतर मुलतानी. साडेपाच ते साडेसहा हा संधिप्रकाशाचा तास पूरिया धनाश्री आणि मारव्यासाठी राखून ठेवा. मारवा सात वाजता लावलात तर बाहेर अंधार पडलेला असतो आणि त्याच्या कोमल रिषभाची हुरहूर निम्मी होते. रात्री सव्वानऊपर्यंत यमन, भूप. मग बिहाग, बागेश्री. साडेबारानंतर दरबारी, मालकंस.

एका दिवसात दोनपेक्षा जास्त राग घेऊ नका. एक दुपारचा, एक रात्रीचा. सकाळी तोडी, दुपारी सारंग, संध्याकाळी मारवा आणि रात्री दरबारी असा भरगच्च बेत दुसऱ्या दिवशीच कोलमडतो.

प्रश्न : आमचा हॉल १२ बाय १८ फुटांचा, खाली शहाबादी फरशी, भिंती कोऱ्या. मोबाइल छोट्या ब्लूटूथ स्पीकरला जोडून ऐकतो. तंबोरा ऐकूच येत नाही, डग्गा थप्प वाजतो, आणि आवाज वाढवला की तारसप्तक कानात घुसतं. नवा संच घ्यावा का? (होटगी रोड)

उत्तर : आधी खोली, मग संच. खोलीच्या मधोमध उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीच्या मागे धातूसारखी ‘टर्रर्र’ शेपटी ऐकू आली तर आवाज समोरासमोरच्या कोऱ्या भिंतींत आपटतोय. कानात घुसणारं तारसप्तक ते हेच. उपाय घरातच आहे. सोलापुरी चादर दुहेरी घडी करून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर दोरीला टांगा, भिंतीला चिकटवून न लावता तीन-चार बोटं अंतर सोडून. मधल्या हवेच्या पट्टीमुळे तीच चादर जास्त आवाज शोषते. टांगायची जागा अशी काढा : तुम्ही नेहमीच्या जागी बसा, कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा, आरशात स्पीकर दिसला की चादर तिथे. फरशीवर स्पीकर आणि तुम्ही यांच्या मध्ये सतरंजी. पुन्हा टाळी वाजवून पाहा.

चादरीने वरचे सूर मवाळ होतात, खालचे मात्र जसेच्या तसे राहतात. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला लागते. त्या आवाजाच्या लहरीची लांबी पाच मीटरच्या आसपास असते, तिला चादर कुठली अडवणार! खोली घुमत असेल तर स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून किमान दीड फूट पुढे आणा.

आता संच. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरमधून ३०० हर्ट्झखालचं फारसं काही येत नाही, मुठीएवढ्या ब्लूटूथ स्पीकरमधून थोडं बरं. खर्जाची तार वरच्या स्वरांच्या आधाराने कान जुळवून घेतो, पण डग्ग्यावरची मींड, मनगट दाबून काढलेला तो ‘घूं’, त्यात हरवतो आणि उरतो नुसता थप्प. ‘बास बूस्ट’ चालू केल्याने हा दोष जात नाही. डग्गा गायकाच्या अंगावर येतो, एवढंच. वापरलेली का होईना, पाच-सहा इंची पडद्याच्या दोन स्पीकरची जोडी घ्या. दोघांत सहा फूट, आणि प्रत्येकापासून तुम्ही सहा फूट, म्हणजे समभुज त्रिकोण. खाली गादीवर बसून ऐकणार असाल तर स्पीकरचा वरचा छोटा पडदा जमिनीपासून अडीच फुटांवर यावा, खुर्चीवर असाल तर साडेतीनवर.

आवाजाची पातळी तंबोऱ्यावरून ठरवा. गायक थांबलेला असताना तंबोऱ्याची जवारी (तारांचा झणझणीत गुंजारव) स्पष्ट ऐकू आली की बटण तिथेच सोडा. ॲपमध्ये ध्वनीचा दर्जा सर्वात वरचा निवडा. डेटा वाचवणाऱ्या कमी दर्जात पहिला बळी जवारीचाच जातो, ती जवारी न राहता फसफस होते.

प्रश्न : नाताळात पाश्चात्य अभिजात संगीत ऐकायची इच्छा आहे. चर्चमधली मराठी उपासना गीतं कानावर आहेत, त्यापलीकडे ओळख नाही. (रेल्वे लाइन्स)

उत्तर : ना. वा. टिळकांची भजनं ज्यांच्या कानावर आहेत त्यांची निम्मी वाट चालून झाली आहे, कारण एका स्वरावलीभोवती भक्तिभाव कसा फिरतो हे त्यांना ठाऊक असतं. फरक असा की पाश्चात्य समूहगानात एका वेळी चार आवाज चार वेगळ्या वाटांनी जातात.

सुरुवात कोरेल्ली या इटालियन संगीतकाराच्या नाताळ कॉन्चेर्टोने (वाद्यवृंदाच्या रचनेने) करा : ऑपस ६, क्रमांक ८. संपूर्ण रचना पंधरा मिनिटांच्या आसपास. शेवटचा भाग ‘पास्तोराले’ हा मेंढपाळांच्या पुंग्यांवरून घेतलेला आहे, खाली एक स्वर धरून ठेवलेला आणि वर झुलती चाल. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला तो लगेच आपला वाटतो.

सुट्टीभर पुरणारी रचना म्हणजे जर्मन संगीतकार बाखचा ख्रिसमस ओरॅटोरिओ (गायक आणि वाद्यवृंदासाठी रचलेली धार्मिक कथा). हे सहा भाग एका बैठकीसाठी लिहिलेलेच नाहीत. लाइपझिगमध्ये ते १७३४ च्या नाताळात सहा वेगवेगळ्या दिवशी गायले गेले : २५, २६ आणि २७ डिसेंबर, १ जानेवारी, नव्या वर्षातला पहिला रविवार आणि ६ जानेवारी. प्रत्येक भाग साधारण वीस ते तीस मिनिटांचा. त्याच तारखांना एकेक ऐका. सगळे मिळून अडीच तास सलग लावण्यात काही शहाणपणा नाही. पहिला भाग नगाऱ्याच्या ठोक्यांनी उघडतो, म्हणून रात्री आवाज बेताने ठेवून सुरू करा. इथेच बरेच जण फसतात : हलका भाग ऐकू येईना म्हणून आवाज वाढवायचा, आणि पाठोपाठ समूहगान दणाणलं की शेजारी दार ठोठावणार. सर्वात मोठ्या आवाजाचा तुकडा आधी शोधून त्यावर पातळी ठरवायची आणि हलक्या भागात बटणाला हात लावायचा नाही.

हँडलच्या ‘मसीहा’चं नाव तुम्ही ऐकलं असेल. नाताळाची कथा त्याच्या तीनपैकी पहिल्या भागात आहे, तेवढाच तासाभराचा भाग या दिवसांत ऐका. प्रसिद्ध ‘हालेलूया’ दुसऱ्या भागाच्या शेवटी येतं आणि त्याचा ख्रिस्तजन्माच्या गोठ्याशी संबंध नाही. खुद्द ही रचना पहिल्यांदा सादर झाली ती १३ एप्रिल १७४२ ला, डब्लिनमध्ये, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर.

समूहगान तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त सर्वात वरचा आवाज धरा, दुसऱ्यांदा सर्वात खालचा, तिसऱ्यांदा काहीच न धरता. ॲपमध्ये ‘शफल’ बंद असल्याची खात्री करा आणि दोन तुकड्यांना एकमेकांत मिसळणारी सोयही बंद करा. नाहीतर ओरॅटोरिओ म्हणजे आरतीची कडवी उलटसुलट म्हटल्यासारखं होतं.

थेट ऐकायचं असेल तर दोन वेळा टिपून ठेवा. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधली नऊ बायबल-पाठ आणि कॅरलची (नाताळगीतांची) उपासना २४ डिसेंबरला आपल्या रात्री साडेआठला सुरू होते. ती १९१८ पासून होते आणि १९२८ पासून बीबीसी रेडिओवर आहे. व्हिएन्नाची नववर्ष मैफल १ जानेवारीला दुपारी पावणेचारला.

प्रश्न : घरी तेलुगू बोलतो. चेन्नईच्या डिसेंबर हंगामाबद्दल ऐकून आहोत. आमच्या कानाला सवय हिंदुस्तानीची. कर्नाटक संगीतात शिरायचं कसं? (अशोक चौक)

उत्तर : तुमच्या हातात अशी एक किल्ली आहे जी बाकी सोलापूरकरांकडे नाही. त्यागराजांच्या (१७६७–१८४७) बहुतेक कृती तेलुगूत आहेत. पल्लवीचे (कृतीच्या ध्रुवपदाचे) शब्द ऐकून अर्थ लागला की अर्धं काम झालं. भाषा दोनशे वर्षांपूर्वीच्या तंजावरची, म्हणून काही शब्द अडतील, तेवढे वडीलधाऱ्यांना विचारा.

ओळखीच्या रागांपासून निघा. मोहनम् म्हणजे आपला भूप, हिंदोलम् म्हणजे मालकंस, शुद्ध सावेरी म्हणजे दुर्गा, कल्याणी म्हणजे यमनाचे स्वर. तोडीला मात्र फसू नका : तिकडच्या तोडीत आपल्या भैरवीचे स्वर असतात, आणि आपली तोडी तिकडे शुभपंतुवराळीच्या जवळ जाते. स्वर तेच असले तरी लावण्यात फरक आहे. आपल्याकडे स्वरावर ठेहराव, तिकडे तोच स्वर आजूबाजूच्या स्वरांना हेलकावे देत लागतो. पहिले दोन दिवस हे हलणं जड जातं.

दुसरी अडचण समेची. आदितालाच्या आठ मात्रा हातावर अशा : टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, टाळी, तळवा उलटा, टाळी, तळवा उलटा. हे बरोबर केलंत तरी गाणं टाळीवर सुरू होत नाही असं जाणवेल. तुमची टाळी चुकलेली नसते. पुष्कळ कृती टाळीनंतर अर्ध्या किंवा पाऊण मात्रेने उचलतात आणि गायक-वादक परततात ते त्या उचलीच्या जागेवर. हिंदुस्तानी कान समेवर डोळे लावून बसतो आणि त्याला वाटतं, सगळे चुकले.

अडीच तासांच्या कचेरीत, म्हणजे कर्नाटक मैफलीत, आरंभी वर्णम् (सुरुवातीला गायचा रचनाप्रकार), मग छोट्या कृती, मध्यावर सविस्तर मुख्य रचना आणि तिच्या पोटात मृदंगाचं तनि आवर्तनम् (एकल वादन). नवख्याने मुख्य रचनेपासून शेवटापर्यंत ऐकावं. मद्रास म्युझिक अकादमीचा (स्थापना १९२८) महोत्सव डिसेंबरच्या मध्यापासून १ जानेवारीपर्यंत असतो. तिरुवैयारूची त्यागराज आराधना पौष वद्य पंचमीला. त्यात एकत्र गायल्या जाणाऱ्या पाच पंचरत्न कृती नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या रागांत आहेत. नाटमधली संस्कृत, बाकी चार तेलुगू.

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जाता येईल का? (नवी पेठ)

उत्तर : सहसा नाही, तो बहुधा नाताळच्या आधीच आटोपतो. रजा टाकून पुढच्या वर्षी जा, तारखा जाहीर झाल्या की गाडीचं आरक्षण लगेच करा. भारतीय बैठकीचं तिकीट काढलंत तर सतरंजी आणि शाल सोबत हवी. सुट्टीतच महोत्सव गाठायचा असेल तर जालंधरचा हरिवल्लभ आहे, १८७५ पासूनचा, डिसेंबरच्या अखेरीला. थंडी मात्र सोलापूरच्या हिशेबाने धरू नका.

प्रश्न : वय ७२. श्रवणयंत्र लावल्यापासून बोलणं नीट ऐकू येतं, पण गाणं लावलं की तंबोरा थरथरतो आणि लांबवलेला षड्ज मध्येच बुडतो. यंत्र खराब आहे का? (मुरारजी पेठ)

उत्तर : बहुधा यंत्र आपलं काम चोख करतंय. यंत्राला शिट्टी येऊ नये म्हणून त्यात सतत चालणारा एकसुरी आवाज ओळखून कापण्याची सोय असते. लांबवलेला षड्ज आणि तंबोरा त्याला शिट्टीसारखेच वाटतात. शिवाय गोंगाट कमी करणारी सोय तंबोऱ्याला पंख्याची घरघर समजते. श्रवणतज्ज्ञाकडे जाऊन ‘संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम’ मागा. त्यात शिट्टी रोखणारी सोय बंद किंवा अगदी मंद, गोंगाट कमी करणारी सोय बंद, आणि हलका-मोठा आवाज सारखा करणारी दाबणी कमी ठेवायला सांगा. जाताना मोबाइलवर तंबोरा घेऊन जा आणि तिथेच लावून पारखा. दोष सौम्य असेल तर यंत्र काढून, स्पीकर तीन फुटांवर घेऊन, आवाज थोडा वाढवून ऐकणंही पुष्कळांना जास्त गोड लागतं.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत गाण्याच्या जुन्या तबकड्या सापडल्या. काही जाड, काही पातळ. सुट्टीत ऐकायच्या आहेत. (साखर पेठ)

उत्तर : आधी वेगळ्या करा. जाड, जड आणि टकटक वाजणाऱ्या त्या लाखेच्या, ७८ गतीच्या. पातळ, वाकणाऱ्या त्या प्लास्टिकच्या, ३३ किंवा ४५ गतीच्या. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावायचं नाही, लाख विरघळते आणि खाचा जातात. ऊर्ध्वपातित पाण्यात (डिस्टिल्ड वॉटरमध्ये) भांडी घासायच्या द्रावणाचा एक थेंब टाकून, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवत पुसा. मधला कागद भिजू देऊ नका, सावलीत उभी करून वाळवा. सोलापूरच्या कोरड्या डिसेंबरात प्लास्टिकच्या तबकडीवर स्थिर वीज साठते आणि धूळ ओढते. कोरड्या फडक्याने पुसलीत तर ती वाढते, म्हणून किंचित दमट फडकं किंवा कार्बन तंतूंचा ब्रश वापरा.

दोन्हींना एकच सुई चालत नाही. ७८ ची खाच रुंद असते, तिला तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. पातळ तबकडीची एक मिलहून बारीक सुई तिच्या तळाशी घासत राहते आणि नुसती खरखर येते. पातळ तबकडीसाठी सुईचा दाब दीड ते दोन ग्रॅम, नेमका आकडा सुईच्या कागदावर असतो. चावीचा ग्रामोफोन मिळाला तर त्यावर फक्त लाखेचीच लावा, प्लास्टिकची एका फेरीत कापली जाते. त्याची स्टीलची सुई एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला नवी.